शाळकरी वयातील अर्धशिशी

'अर्धशिशी' हा मराठी शब्द, आयुर्वेदातील 'अर्धावभेदक' ही संज्ञा आणि ज्या ग्रीक शब्दापासून 'मायग्रेन' हे नाव पुढे आले तो 'हेमिक्रेनिया' हा शब्द, ही तिन्ही नावे डोक्याचा अर्धा भाग दुखणे हाच एक अर्थ सांगतात. मोठ्या माणसांच्या बाबतीत हे वर्णन पुष्कळदा खरे ठरते. लहान मुलांच्या बाबतीत मात्र ते दिशाभूल करते, कारण लहान वयात हे दुखणे बहुधा कपाळावर किंवा दोन्ही कानशिलांत एकाच वेळी उठते आणि एका बाजूला सरकण्याची त्याची खोड पौगंडावस्थेच्या अखेरीस दिसू लागते. परिणामी 'अर्धे डोके दुखत नाही, म्हणजे अर्धशिशी नाही' असा निष्कर्ष घरी आणि कधी कधी दवाखान्यातही काढला जातो, आणि मुलाच्या आजाराला त्याचे खरे नाव मिळण्यास वर्षे लागतात. ताप थर्मामीटरवर दिसतो, मोडलेले हाड क्ष-किरणांत दिसते. अर्धशिशीत दाखवता येईल असे काहीही नसते. मुलाच्या सांगण्यावर विश्वास ठेवणे ही म्हणूनच या आजाराच्या उपचाराची पहिली पायरी आहे, आणि पुढील सर्व उपाय, मग ते औषधाचे असोत की दिनचर्येचे, या पायरीवरच उभे राहतात.

हा आजार मुलांमध्ये दुर्मीळ आहे अशी समजूत मोडण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात स्वीडनमधील बालरोगतज्ज्ञ बू बिले यांना जाते. उप्साला शहरातील सुमारे ९,००० शाळकरी मुलांची पाहणी करून त्यांनी १९६२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सातव्या वर्षी १.४ टक्के, तर पंधराव्या वर्षी ५.३ टक्के मुलांना अर्धशिशी असल्याचे दिसून आले. वेगवेगळ्या देशांतील नंतरच्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या असता मुले आणि किशोरवयीन मिळून हे प्रमाण ८ टक्क्यांच्या आसपास निघते, म्हणजे ५० विद्यार्थ्यांच्या एका वर्गात अशी तीन-चार मुले असण्याचा संभव असतो. वयात येण्यापूर्वी मुलगे आणि मुली यांच्यातील प्रमाण जवळजवळ सारखे असते, किंबहुना मुलग्यांत ते किंचित अधिक आढळते. पाळी सुरू होण्याच्या वयानंतर मात्र मुलींमधील प्रमाण वाढत जाते आणि प्रौढपणी स्त्रियांमध्ये हा आजार पुरुषांच्या दुपटी-तिपटीने दिसतो.

झटक्याचे स्वरूप

अर्धशिशी हा झटक्याझटक्याने येणारा आजार असून दोन झटक्यांच्या मधल्या काळात मूल पूर्णपणे ठणठणीत असते, आणि हीच गोष्ट त्याच्याविषयी संशय निर्माण करते. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या २०१८ मधील तिसऱ्या आवृत्तीनुसार प्रौढांचा झटका ४ ते ७२ तास टिकतो, तर १८ वर्षांखालील मुलांत तो २ तासांचाही असू शकतो. ठणका, हालचालीने वाढणारी वेदना, मळमळ किंवा उलटी आणि प्रकाश व आवाज सहन न होणे ही त्याची मुख्य लक्षणे होत. पाच-सहा वर्षांच्या मुलाला 'प्रकाश सहन होत नाही' असे शब्दांत सांगता येत नाही. ते खेळ सोडून अंधाऱ्या खोलीत जाते, दूरदर्शन संच बंद करायला सांगते, चेहरा पांढराफटक पडतो, जेवण नको म्हणते आणि झोपी जाते. असे वागणे हेच लक्षण मानावे, असे हे वर्गीकरण स्पष्टपणे सांगते. किमान पाच झटक्यांचा असा इतिहास मिळाल्यावर निदान पक्के करता येते.

डोके दुखू लागण्याच्या काही तास आधी किंवा आदल्या दिवशी जांभया येणे, चिडचिड होणे, मान अवघडणे, गोड खाण्याची तीव्र इच्छा होणे अशा पूर्वखुणा काही मुलांत दिसतात, तर काहींना दुखणे सुरू होण्यापूर्वी डोळ्यांसमोर नागमोडी चमकत्या रेषा, ठिपके किंवा आंधळा डाग दिसतो. या अवस्थेला 'ऑरा' म्हणतात आणि ती साधारणपणे ५ मिनिटे ते एक तास टिकते. क्वचित एखाद्या मुलाला आजूबाजूच्या वस्तू किंवा स्वतःचे हातपाय अवाजवी मोठे अथवा लहान झाल्यासारखे भासतात. १९५५ मध्ये जॉन टॉड या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञाने या अनुभवाला परीकथेतील ॲलिसचे नाव दिले. मूल असे काही सांगू लागले की घरचे घाबरतात किंवा त्याला खोटे ठरवतात. वस्तुतः असा अनुभव अर्धशिशीचा भाग असू शकतो आणि तो डॉक्टरांना जसाच्या तसा सांगणे आवश्यक असते.

अर्धशिशीची बालवयातील काही रूपे तर डोक्याशी संबंधितच वाटत नाहीत. बेंबीभोवती तासन्‌तास दुखणे, सोबत मळमळ आणि चेहऱ्याचा फिकेपणा, आणि तपासण्यांत मात्र काहीच न सापडणे, या प्रकाराला उदराची अर्धशिशी म्हणतात. ठरावीक काळाने उलट्यांचे सत्र येऊन मधल्या काळात मूल अगदी निरोगी असणे, किंवा धडधाकट लहान मुलाला अचानक काही मिनिटे भोवळ येऊन आपोआप थांबणे, हीदेखील याच कुळातली रूपे आहेत. अशा मुलांपैकी अनेकांना पुढे डोकेदुखीची नेहमीची अर्धशिशी जडते, आणि त्यांच्या घरात आई, वडील, मावशी किंवा आजी यांपैकी कोणाला तरी ती असल्याचे विचारपूस करता कळते.

मेंदूत काय घडते

विसाव्या शतकात बराच काळ अर्धशिशी हा रक्तवाहिन्यांचा आजार मानला जात असे. रक्तवाहिन्या आधी आकुंचन पावतात आणि मग फुगतात, त्यामुळे ठणका लागतो, असे ते स्पष्टीकरण होते. आज ती मूलतः मेंदूच्या चेतासंस्थेची विकृती मानली जाते. आरिस्तिदेस लिआओ या ब्राझिली संशोधकाने १९४४ मध्ये सशाच्या मेंदूवर प्रयोग करताना असे पाहिले की मेंदूच्या बाह्यपटलावर विद्युत्‌-क्रियेच्या मंदावण्याची एक लाट अतिशय संथ गतीने, मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर या वेगाने, पसरत जाते. ऑरामध्ये दिसणारी नागमोडी रेषा दृष्टिक्षेत्रात हळूहळू सरकते, त्यामागे हीच लाट असते, असे मानले जाते. वेदना निर्माण होते ती चेहरा, कपाळ आणि मेंदूची आवरणे यांच्या संवेदना वाहून नेणाऱ्या ट्रायजेमिनल या मज्जातंतूच्या जाळ्यातून. हे जाळे चेतवले गेले की त्याच्या टोकांपाशी काही रसायने स्रवतात, त्यांपैकी 'सीजीआरपी' हे सर्वांत महत्त्वाचे ठरले आहे. या यंत्रणेचा उलगडा करणाऱ्या लार्स एडविन्सन, पीटर गोड्सबी, मायकेल मॉस्कोविट्झ आणि येस ओलेसेन या चौघांना २०२१ मध्ये 'ब्रेन प्राइझ' हा मेंदूविज्ञानातील प्रतिष्ठेचा पुरस्कार देण्यात आला.

पालकांच्या दृष्टीने यातले सार इतकेच की अर्धशिशीचा मेंदू हा आनुवंशिकतेने अधिक संवेदनशील असतो आणि त्याला बदल मानवत नाही. झोपेतील, जेवणातील, हवामानातील किंवा मनःस्थितीतील अचानक चढउतार त्याचा उंबरठा ओलांडतात आणि झटका येतो. परीक्षा संपल्यानंतरच्या पहिल्या दिवशी किंवा उशिरापर्यंत झोपलेल्या रविवारी डोके का दुखते, याचे उत्तर यात आहे. ताण वाढणे जसे निमित्त ठरते तसेच तो एकाएकी उतरणेही ठरू शकते.

चुकीची नावे आणि खऱ्या धोक्याच्या खुणा

मराठी घरांत या दुखण्याला सर्वाधिक वेळा मिळणारे नाव म्हणजे 'पित्त'. मुलाचे डोके दुखते, मग आंबट किंवा कडू पाणी पडते, उलटीनंतर ते झोपते आणि उठल्यावर हसतखेळत असते. यावरून 'पित्त पडले, बरे वाटले' असा अर्थ लावला जातो. निरीक्षण अचूक असते, कार्यकारणभाव मात्र उलटा लावलेला असतो. अर्धशिशीच्या झटक्यात जठराचे काम मंदावते, त्यामुळे मळमळ आणि उलटी होते, आणि मुलांचा झटका पुष्कळदा उलटी व झोप यांच्या पाठोपाठ ओसरतो. म्हणजे उलटी हे झटक्याचे लक्षण आहे, पोट हे त्याचे मूळ नाही, आणि वर्षानुवर्षे आम्लपित्ताची औषधे देऊन अर्धशिशी आटोक्यात येत नाही. दुसरे नाव चष्म्याच्या नंबराचे. डोळे तपासून घेणे योग्यच आहे, परंतु उलटी आणि प्रकाश सहन न होणे यांसह येणारी झटक्यांची डोकेदुखी नंबरामुळे क्वचितच होते आणि चष्मा लागूनही ती चालूच राहते. तिसरे नाव 'सायनस'. झटक्यात कपाळ व गाल दुखतात, नाक चोंदते, डोळ्यांतून पाणी येते, म्हणून सायनसची सूज समजून प्रतिजैविके दिली जातात; वास्तविक ही लक्षणे ट्रायजेमिनल मज्जातंतूच्या चेतनेतूनही निर्माण होतात. चौथे नाव सर्वांत दुखावणारे आहे, ते म्हणजे 'नाटक'. शाळेच्या सकाळीच डोके का दुखते, या प्रश्नामागचा संशय मुलाला कळतो, आणि ज्याच्यावर विश्वास ठेवला जात नाही ते मूल एकतर दुखणे लपवू लागते किंवा ते वाढवून सांगू लागते. दोन्ही प्रकारे उपचार बिघडतो.

विश्वास ठेवणे याचा अर्थ तपासणी टाळणे असा मात्र नाही. काळजीपूर्वक विचारलेला इतिहास, रक्तदाब, चालणे व तोल, हातापायांतील शक्ती आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी यांतून बहुतेक मुलांचे निदान होते. तपासणी सर्वसाधारण असेल आणि झटक्यांचे स्वरूप नेहमीचे असेल तर मेंदूचे एमआरआय छायाचित्रण सरसकट काढण्याची गरज नसते. ज्या खुणांकडे मात्र दुर्लक्ष करता येत नाही त्या अशा : दुखण्याने मूल झोपेतून वारंवार जागे होणे किंवा रोज पहाटे उलटी होणे, आडवे झाल्यावर, खोकल्यावर दुखणे वाढणे, आठवड्यागणिक ते तीव्र होत जाणे, डोक्याच्या मागील भागातच दुखणे, एकाचे दोन दिसणे किंवा नवा तिरळेपणा, तोल जाणे, अंगाच्या एका बाजूला कमजोरी, आकडी, वागण्यात किंवा अभ्यासात झालेली घसरण, तापासह मान ताठ होणे, डोक्याला मार लागल्यानंतर सुरू झालेले दुखणे, आणि सहा वर्षांखालील मुलाची नव्याने सुरू झालेली डोकेदुखी. आयुष्यात प्रथमच अचानक उसळलेले अतितीव्र दुखणे ही तातडीची बाब समजावी. भारतात मेंदूच्या आवरणांचा क्षयरोग आणि मेंदूतील फीतकृमीच्या गाठी म्हणजे न्यूरोसिस्टिसर्कोसिस हे आजार आजही आढळतात, त्यामुळे ताप, वजन घटणे किंवा आकडी यांच्या जोडीने येणाऱ्या डोकेदुखीला येथे विशेष महत्त्व द्यावे लागते.

झटक्याच्या वेळी

झटक्यावरील औषधाचा पहिला नियम वेळेचा आहे. दुखणे सुरू होताच, शक्यतो पहिल्या अर्ध्या तासात, दिलेले औषध जितके काम करते तितके तेच औषध दोन तासांनी करत नाही, कारण तोपर्यंत वेदनेचा मार्ग पुरता जागा झालेला असतो आणि मंदावलेल्या जठरातून गोळी पुढे सरकत नाही. 'थोडे थांबून पाहू, उगाच गोळी नको' हा पालकांचा सावधपणा इतर ठिकाणी शहाणपणाचा असला तरी येथे मुलाला महाग पडतो. दुसरा नियम मात्रेचा आहे. मुलांना औषध वयाच्या अंदाजाने न देता वजनाच्या हिशेबाने द्यावे लागते. इबुप्रोफेनची मात्रा दर किलोमागे ७.५ ते १० मिलिग्रॅम आणि पॅरासिटामॉलची १५ मिलिग्रॅमपर्यंत असते, म्हणजे ३० किलो वजनाच्या मुलाला अनुक्रमे २२५ ते ३०० आणि ४५० मिलिग्रॅम लागतात; नेमका आकडा, दोन मात्रांमधील अंतर आणि दिवसाची कमाल मर्यादा डॉक्टरांकडून एकदा लिहून घेऊन औषधाच्या डब्यातच ठेवणे हिताचे. अमेरिकेतील मज्जाविज्ञान अकादमी आणि डोकेदुखी संस्था यांनी २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात मुलांच्या झटक्यासाठी इबुप्रोफेनला पहिली पसंती आहे.

काही औषधे मुलांना मुळीच द्यायची नसतात. ॲस्पिरिनमुळे विषाणुजन्य तापात यकृत आणि मेंदू यांना इजा करणारा राय सिंड्रोम हा गंभीर विकार होऊ शकतो, तर निमेसुलाइडला भारतात २०११ पासून १२ वर्षांखालील मुलांसाठी बंदी आहे. पावसाळ्यात, डेंग्यूची साथ असताना, तापासह डोके दुखत असेल तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत इबुप्रोफेन टाळावे, कारण त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो. अशा वेळी पॅरासिटामॉल सुरक्षित ठरते. साध्या वेदनाशामकांनी भागत नसेल तर ट्रिप्टान वर्गातील औषधे वापरली जातात. ती ट्रायजेमिनल मज्जातंतूवरच काम करतात. त्यांपैकी राइझाट्रिप्टानला अमेरिकेत २०११ मध्ये ६ ते १७ वर्षे वयोगटासाठी मान्यता मिळाली, आणि नाकात फवारायचे प्रकार उलट्या होणाऱ्या मुलांना उपयोगी पडतात. ही औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायची असतात. औषधाच्या जोडीला अंधारी, शांत खोली, कपाळावर थंड पाण्याची घडी, घोट घोट पाणी आणि झोप हे उपाय साधे असले तरी गुणकारी असतात. कपाळाला सुंठ उगाळून लावण्याने मुलाला बरे वाटत असेल आणि त्वचा झोंबत नसेल तर त्यास हरकत नाही, मात्र लेप लावून पाहण्यात औषधाचा पहिला अर्धा तास जाऊ नये.

तिसरा नियम मर्यादेचा. साधी वेदनाशामके महिन्यातून १५ किंवा अधिक दिवस, आणि ट्रिप्टान किंवा अनेक औषधांचे मिश्रण असलेल्या गोळ्या १० किंवा अधिक दिवस, अशा काही महिने घेतल्या गेल्या तर त्या औषधांमुळेच रोजची डोकेदुखी सुरू होते. कॅफिन मिसळलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या किराणा दुकानातही मिळतात, म्हणून हा धोका किशोरवयीनांना विशेषतः आहे. आठवड्यातून दोन-तीन दिवसांहून अधिक वेळा गोळी लागू लागली की गोळ्या वाढवण्याऐवजी झटके रोखण्याच्या उपायांकडे वळणे आवश्यक असते.

दिवसाची लय

झटके रोखण्याचा पाया औषधाविनाच घातला जातो, आणि त्यात झोपेचा वाटा सर्वांत मोठा आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास आणि १३ ते १८ वर्षांच्या मुलाला ८ ते १० तास झोप लागते. वयात येताना शरीराचे घड्याळच पुढे सरकते, रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही, आणि सकाळच्या सत्राची शाळा तसेच रात्री संपणारे क्लास यांच्यामध्ये ही झोप चिमटीत सापडते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवण्याचे निर्देश दिले, ते झोपेच्या दृष्टीने स्वागतार्ह होते. झोपेचे घड्याळ ज्या वयात सर्वाधिक सरकते ती आठवी ते बारावीची मुले मात्र या निर्णयाच्या बाहेरच राहिली. सुट्टीच्या दिवशी झोपेची भरपाई म्हणून दुपारपर्यंत झोपणे अर्धशिशी असलेल्या मुलाला मानवत नाही. उठण्याच्या वेळेत तासाभराहून अधिक फरक पडू न देणे बरे.

झोपेनंतर येते ते वेळेवर खाणे. न्याहारी न करता शाळेत जाणे आणि मधल्या सुट्टीतला डबा तसाच परत आणणे ही झटक्याची अतिशय सामान्य निमित्ते आहेत. पोहे, उपमा, भाकरी-दूध, अंडे यांपैकी जे घरात होते ते सकाळी पोटात गेले पाहिजे. अर्धशिशी असलेल्या मुलामुलींनी संकष्टी किंवा नवरात्राचे कडक उपवास करू नयेत, हे घरातील वडीलधाऱ्यांनी स्वतःहून सांगितले तर मुलांच्या मनावर अपराधाचे ओझे राहत नाही. पाण्याचा प्रश्न मुलींच्या बाबतीत अधिक बिकट असतो, कारण शाळेतील स्वच्छतागृह अस्वच्छ असेल तर त्या दिवसभर पाणी पिणेच टाळतात, आणि उन्हाळ्यात हे टाळणे थेट झटक्याला निमंत्रण ठरते. अशा शाळेत मुलीला 'पाणी पीत जा' असा उपदेश करण्यापेक्षा स्वच्छतागृहाची दुरुस्ती हाच तिच्या डोकेदुखीवरचा उपचार असतो. नियमित खेळ, चहा-कॉफी आणि कॅफिनयुक्त पेये यांपासून दूर राहणे, आणि रात्री झोपण्याच्या तासभर आधी मोबाइल बाजूला ठेवणे ही या दिनचर्येची उरलेली अंगे होत.

अमुक खाल्ल्याने झटका येतो अशा याद्या पालकांच्या हाती पडतात आणि मुलाच्या ताटातून चीज, चॉकलेट, लिंबूवर्गीय फळे असे एकेक पदार्थ बाद होऊ लागतात. येथे संयम आवश्यक आहे, कारण चॉकलेटची तीव्र इच्छा ही पुष्कळदा झटक्याची पूर्वखूण असते आणि झटका सुरू होऊन गेल्यावर खाल्लेल्या चॉकलेटवर त्याचा दोष येतो. नेमके काय घडते हे ठरवण्यासाठी डोकेदुखीची रोजनिशी ठेवावी. दुखण्याची तारीख, सुरू होण्याची व थांबण्याची वेळ, तीव्रता, आदल्या रात्रीची झोप, चुकलेले जेवण, घेतलेले औषध आणि मुलींच्या बाबतीत पाळीच्या तारखा एवढी नोंद दोन-तीन महिने झाली की आजाराचा आकृतिबंध दिसू लागतो. ही नोंद मुलाने स्वतः करावी, कारण तीमुळे आजाराचे ज्ञान त्याच्या हाती येते.

प्रतिबंधक औषधे आणि एका प्रयोगाचा धडा

झटके वारंवार येत असतील, शाळा बुडत असेल आणि दिनचर्या सुधारूनही फरक पडत नसेल तर काही महिने रोज घ्यायच्या प्रतिबंधक औषधांचा विचार होतो. भारतात फ्लुनारिझिन, प्रोप्रानोलॉल, अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट आणि लहान मुलांत सायप्रोहेप्टाडिन ही औषधे वापरली जातात. प्रत्येकाला आपली मर्यादा आहे : प्रोप्रानोलॉल दम्याच्या मुलाला चालत नाही, फ्लुनारिझिन व सायप्रोहेप्टाडिनने झोप आणि वजन वाढते, टोपिरामेटने भूक व एकाग्रता कमी होऊ शकते, आणि काही वेळा दिले जाणारे व्हॅल्प्रोएट गर्भाला घातक असल्याने वयात आलेल्या मुलींसाठी टाळले जाते.

या औषधांविषयीचा सर्वांत बोधप्रद प्रयोग अमेरिकेत झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. ८ ते १७ वर्षांच्या ३६१ मुलांना अमिट्रिप्टिलिन, टोपिरामेट किंवा औषधासारखी दिसणारी पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो, २४ आठवडे देण्याचे ठरले होते. डोकेदुखीचे दिवस निम्म्याने किंवा अधिक कमी झालेल्या मुलांचे प्रमाण अमिट्रिप्टिलिनच्या गटात ५२ टक्के, टोपिरामेटच्या गटात ५५ टक्के आणि प्लासिबोच्या गटात ६१ टक्के निघाले, आणि प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवण्यात आला. यावरून 'म्हणजे दुखणे मनाचेच' असा अर्थ काढणे सर्वस्वी चूक ठरेल. मुले उपचाराला येतात तेव्हा आजार बहुधा चढाच्या टोकावर असतो आणि पुढे तो काहीसा आपोआप उतरतो, हे या आकड्यांमागचे एक कारण. या मुलांकडे नियमित लक्ष दिले जात होते, त्यांच्या दुखण्याची नोंद होत होती, त्यांना दिनचर्येचे मार्गदर्शन आणि झटक्यावरचे औषध मिळत होते, आणि कोणीतरी त्यांचे म्हणणे गांभीर्याने ऐकत होते, हे दुसरे.

याच दिशेने आधीचा एक प्रयोग बोट दाखवतो. महिन्याचे सरासरी २१ दिवस डोके दुखणाऱ्या १० ते १७ वर्षांच्या १३५ मुलांना अमिट्रिप्टिलिन देण्यात आले. त्यांपैकी एका गटाला त्यासोबत संज्ञानात्मक वर्तनोपचार, म्हणजे वेदनेविषयीचे विचार, श्वसन, स्नायूंचे शिथिलीकरण आणि दिवसाची आखणी यांचे प्रशिक्षण मिळाले, तर दुसऱ्याला केवळ माहिती. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात पहिल्या गटातील ६६ टक्के मुलांचे दुखण्याचे दिवस निम्म्याने किंवा अधिक घटले, दुसऱ्यात ३६ टक्क्यांचे. श्वसन आणि शवासन यांची ओळख असलेल्या समाजात शिथिलीकरण परके वाटण्याचे कारण नाही. मात्र ते झटक्याच्या वेळी आठवण्याची गोष्ट नसून रोज दहा-पंधरा मिनिटे करण्याचा सराव आहे. सीजीआरपीला रोखणाऱ्या नव्या औषधांपैकी फ्रेमानेझुमॅब या टोचून द्यायच्या औषधाला २०२५ मध्ये अमेरिकेत ६ ते १७ वर्षांच्या, ४५ किलोहून कमी वजन नसलेल्या मुलांसाठी मान्यता मिळाली आहे, त्यामुळे हट्टी आजाराच्या मुलांसाठी नवा मार्ग खुला होत आहे.

शाळेची जबाबदारी

उपचार किती यशस्वी झाला हे दुखण्याच्या दिवसांइतकेच बुडालेल्या दिवसांवरून मोजले जाते. त्यासाठी २००१ मध्ये तयार झालेली 'पेडमायडास' ही सहा प्रश्नांची प्रश्नावली मागील तीन महिन्यांत किती दिवस शाळा बुडाली, किती दिवस शाळेत असूनही अभ्यास झाला नाही, घरकाम आणि खेळ किती वेळा सुटला, हे विचारते. बेरीज ५० च्या वर गेली तर आजाराने मुलाचे जगणे गंभीरपणे विस्कळीत केले आहे असे समजतात.

शाळेकडून अपेक्षित गोष्टी खर्चाच्या नाहीत. वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू देणे, झटका येताच पालकांनी आधी देऊन ठेवलेले औषध विनाविलंब घेऊ देणे, अर्धा-पाऊण तास अंधाऱ्या, शांत खोलीत पडू देणे आणि बरे वाटल्यावर पुन्हा वर्गात घेणे, भर उन्हातल्या कवायतीतून त्या दिवसापुरती सूट देणे, एवढ्याने पुष्कळ साधते. प्रत्येक झटक्याला मुलाला घरी पाठवून देणे दयाळूपणाचे वाटले तरी त्यामुळे अभ्यास मागे पडतो, मागे पडलेल्या अभ्यासाचा ताण पुढच्या झटक्याचे निमित्त होतो आणि शाळेत जाणेच अवघड होत जाते. दहावी-बारावीच्या वर्षात हे चक्र सर्वाधिक वेगाने फिरते, म्हणून त्या वर्षाच्या आरंभीच मुख्याध्यापक किंवा वर्गशिक्षकांना डॉक्टरांचे पत्र देऊन ठेवणे चांगले. सततची डोकेदुखी आणि खिन्नता वा चिंता एकमेकींना खतपाणी घालतात, तेव्हा छळ, परीक्षेची भीती किंवा घरातील कलह यांविषयी मुलाशी एकांतात, आरोप न करता बोलणे हादेखील उपचाराचाच भाग असतो.

बू बिले यांनी आपल्या पाहणीतील ७३ मुलांचा मागोवा ४० वर्षे घेतला, तेव्हा असे दिसले की तारुण्यात पुष्कळांचे झटके थांबले, काहींचे काही वर्षांनी परतले, आणि पन्नाशीच्या आसपास निम्म्याहून अधिक जणांना ते अजूनही येत होते. म्हणजे अनेकांच्या बाबतीत हा आजार आयुष्यभराचा सोबती आहे, आणि शाळकरी वयातील उपचाराचे खरे उद्दिष्ट मुलाला त्या सोबत्याशी वागायला शिकवणे हे आहे. आठव्या वर्षी आई गोळी देते, बाराव्या वर्षी मूल स्वतः पूर्वखूण ओळखून गोळी मागते, सोळाव्या वर्षी ते आपली झोप, आपले खाणे आणि गोळ्यांची मर्यादा स्वतः सांभाळते. हा प्रवास क्रमाने घडवून आणणे मोठ्यांच्या हाती असते. त्याचा आरंभ ज्या दिवशी मूल प्रथम 'डोके दुखते' असे म्हणते त्याच दिवशी होतो, आणि त्या वेळी घरातून किंवा वर्गातून त्याला 'खरंच का?' असे उत्तर मिळते की 'कुठे दुखते, केव्हापासून?' असे विचारले जाते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून राहते.